रिमार्कचा रकाना

शरणपूर रोडवरून पुष्करने सेकंडहँड आणला खेळ,
डबीवर ओरखडा, आत चाळीस गाड्या.
नाना म्हणाले, आण इकडे.
नवी गाडी आधी मी चालवतो.

एकतीस वर्षं, अंबडच्या कंपनीत,
लाईनवरून उतरलेली गाडी
मालकाच्या आधी नानांच्या हाताखालून जायची.
कंपाउंडच्या आतला लंबगोल रस्ता,
चार फेऱ्या, कान डॅशबोर्डकडे,
कुठे खुळखुळतंय, कुठे कुरकुरतंय,
मग फॉर्मवर सही.
संध्याकाळी लुना काढून पवननगर.

आता पडद्यावरही तसाच लंबगोल,
डावीकडे, डावीकडे, परत डावीकडे.
आई म्हणाली, झालं,
पुन्हा ड्युटी लागली यांची.

पहिल्याच फेरीला नाना भडकले.
स्टिअरिंग भलत्याच बाजूला!
मग दार शोधलं. दार नाही.
आजोबा, या गाडीत खिडकीतून शिरतात.
वेगाचा काटा शोधला, तोही नाही.
आणि किलोमीटर? किती पळाली ते?
ते कोणी मोजत नाही, आजोबा.
नाना जरा वेळ गप्प.
गेटच्या बाहेर न जाता
त्यांनी स्वतः चार लाख मोजले होते.

पण टायर, म्हणाले, टायर खरे आहेत.
वीस फेऱ्यांत झिजतात,
मागचं अंग सैल पडतं,
वळणावर गाडी भिंतीकडे बघायला लागते
आणि हातातलं हे खेळणं थरथरतं.
ज्याने हे बनवलंय
त्याने कधीतरी टकल्या टायरवर रात्र काढलीय.
वारासुद्धा खरा.
पुढच्याच्या पाठीला चिकटलं की सगळं हलकं होतं.
सिन्नरहून येताना लुनावर
कांद्याच्या ट्रकमागे मी हेच करायचो.
आईला सांगू नकोस.

बाकीचे एकोणचाळीस ड्रायव्हर मात्र खोटे.
एका रेघेत, मुंग्यांसारखे.
ढकललं तरी कोणी शिवी देत नाही.
द्वारका सर्कलला उभे करा म्हणावं एक दिवस.
प्रेक्षकांत एकच लाल टोपीवाला
सतरा ठिकाणी बसलाय, मोजलाय मी.
आणि तो मागून बोलणारा,
त्याला तीनच वाक्यं येतात,
आमच्या गोसावी सुपरवायझरपेक्षा एक जास्त.

भिंतीवर आपटलो तर बॉनेट चुरगळतं,
छान चुरगळतं, तेवढं मान्य.
बटण दाबलं की परत कोरं.
इथे पुष्कर हसला, नाना नाही.
नव्याण्णव साली ब्रेक न लागलेली एक पांढरी गाडी
त्यांच्या उजव्या गुडघ्यात
अजून जिना चढते.

मग त्यांना पिट सापडला.
पाच माणसं भिंतीवरून उडी मारून आली,
चार चाकं, पेट्रोल, पुसलेली काच,
चौदा सेकंद.
दुसऱ्या फेरीला नाना पुन्हा आत.
तिसऱ्या फेरीलाही.
आजोबा, हरताय तुम्ही! शेवटचे आहात!
थांब रे, म्हणाले,
माझ्यासाठी पळतायत.

रात्री पाणी प्यायला उठले
तर हॉलमध्ये निळा उजेड.
शर्यत कधीच संपलेली,
लाल टोपीवाले सगळे अजून जागे,
नाना खालच्या पट्टीतून सावकाश,
तिसऱ्या गिअरवर,
कान टीव्हीच्या जाळीला लावून.
काय ऐकताय?
खुळखुळ. सापडत नाहीये.
इतकी बिनतक्रार गाडी
मी आयुष्यात पास केली नाही.

मांडीवर कंपनीतलं जुनं पॅड.
इंजिन ओके. टायर ओके. हवा ओके.
दार, पुढे फुली.
रिमार्कचा रकाना कोरा,
पेनाचं टोपण काढलेलं,
आणि बटणांवर पुष्करच्या हातचं
चिवड्याचं तेल.